हालचाल आढळली आहे

वर्तमानपत्रात सिनेमाचं परीक्षण येतं, नाटकाचं येतं, अधूनमधून हॉटेलातल्या मिसळीचंही येतं. पण चोवीस तास चालणारं, तिकीट नसलेलं, मध्यंतर नसलेलं आणि बिनपगारी नटांवर उभं असलेलं एक चित्रपटगृह आज घरोघर आहे, त्याच्या वाटेला अजून कुणी समीक्षक गेलेला दिसत नाही. मी दारावर बसवलेल्या कॅमेऱ्याबद्दल बोलतोय. गेले काही महिने या चित्रपटगृहाचा मी एकनिष्ठ प्रेक्षक आहे. तेव्हा परीक्षण लिहिण्याचा अधिकार कुणी दिलेला नसला तरी मी तो घेतो. समीक्षेत अशीच पद्धत आहे.

आमचं घर इटियाडोहला. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवरचं हे धरण. १९७० साली ते पुरं झालं तेव्हा जिल्हा भंडारा होता, १९९९ मध्ये गोंदिया झाला. धरण मात्र आपल्या जागेवरून हललं नाही. त्याचं पाणी कालव्यांतून पार वडसा-आरमोरीकडच्या धानाला जातं. म्हणजे इथली सर्वांत मौल्यवान वस्तू आम्ही आपल्याच हातानं दार उघडून बाहेर सोडतो. मग चोरानं इथवर यावं कशाला? तर कॅमेरा चोरासाठी नव्हताच. पुण्याला असलेल्या आमच्या चिरंजीवांना आजीची काळजी. आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची, दिवसभर ओसरीवर बसलेली. चोराचं नाव पुढं केलं, एवढंच. स्वतःच्या आजीवर पाळत ठेवतो असं कुठला नातू म्हणेल?

कॅमेरा बसवायला अर्जुनीहून एक पोरगा आला. शिडीवरून उतरता उतरता म्हणाला, "गुरुजी, आता पान हाललं तरी समजते!" मी हा अलंकार समजलो. पण तो सरळ वस्तुस्थिती सांगत होता. पहिल्या रात्री चिरंजीवांच्या आणि माझ्या मोबाइलवर मिळून दोनशे चौदा वेळा 'हालचाल आढळली आहे' असा निरोप आला, आणि त्यातल्या दीडशे वेळा खरोखर पानच हललं होतं. पेरूचं.

आता या दोनशे चौदा लघुपटांचं परीक्षण. नायक अर्थातच पेरू. अभिनय जोमदार, पण एकसुरी. सहायक भूमिकेत शेजारचं मांजर. प्रवेश उत्तम, बाहेर जाणं त्याहून उत्तम, मधल्या भागात काय करायचं ते त्याला ठरवता आलेलं नाही. खलनायक कोळी. त्यानं भिंगासमोरच जाळं विणलं, आणि भिंगाच्या कडेचे जे अदृश्य प्रकाशाचे दिवे अंधारात जळतात, त्यांच्या उजेडात तो बैलाएवढा दिसायला लागला. धान कापणीला आलं की आमच्याकडे दिव्यावर हिरव्या तुडतुड्यांचा पाऊस पडतो. तोही रात्रभर चित्रित झाला. पौराणिक चित्रपटात देव पुष्पवृष्टी करतात तसा. रस्त्यानं गाडी वळली की तिच्या दिव्याचा झोत भिंतीवरून सरकायचा, तोही एक लघुपट. एकंदरीत दिग्दर्शकाला सांगण्यासारखं काही नाही, पण ते दोनशे चौदा वेळा सांगायची हौस मात्र दांडगी.

दिग्दर्शकाची बाजूही ऐकली पाहिजे. हा कॅमेरा काही 'बघत' नाही. तो आत्ताचं चित्र मघाच्या चित्रावर ठेवतो आणि फरक मोजतो. चित्राचे लहान लहान चौकोन पाडायचे, कुठल्या चौकोनातला उजेड बदलला ते बघायचं, आणि बदललेले चौकोन ठरल्यापेक्षा जास्त झाले की बोंब मारायची. चोर आणि पेरू यांच्यात तो भेदभाव करत नाही. नव्या कॅमेऱ्यांना माणसाचा आकार ओळखायला शिकवलेलं असतं हे खरं, पण शेतातल्या बुजगावण्यालाही तोच आकार असतो हे त्यांना शिकवणाऱ्यानं सांगितलेलं असेलच असं नाही.

पोरगा पुन्हा आला आणि त्यानं तीन कळा फिरवल्या. पहिली, कुठं बघायचं: चित्रावर बोटानं रेघ ओढून पेरू आणि रस्ता वगळला, फाटक आणि ओसरी ठेवली. दुसरी, किती फरक पडला तर दखल घ्यायची: ती संवेदनशीलता त्यानं उतरवली. तिसरी, केवढी वस्तू हलली तर ती वस्तू म्हणायची: तो आकार त्यानं वाढवला. शिवाय कोळ्यासाठी दर आठवड्याला मऊ फडकं, आणि बाहेरचा बल्ब भिंगापासून चार हात लांब. ज्यांच्याकडे असा कॅमेरा आहे त्यांनी एवढं जरूर करावं. दुसऱ्या रात्री लघुपट नऊ. झोप लागली.

पुढचा प्रश्न हे सगळं साठवायचं कसं. चित्र सेकंदाला दोन मेगाबिटच्या बेतानं घेतलं तरी दिवसाच्या ८६,४०० सेकंदांचे साडेएकवीस गिगाबाइट होतात. चौसष्टचं कार्ड तीन दिवसही पुरत नाही. आणि हे चित्र आवळून घेतल्यावरचं. त्याच्या रीतीला एच. २६४ असं तुरुंगातल्या कैद्यासारखं नाव आहे. ही २००३ सालची. २०१३ मध्ये तिची धाकटी बहीण एच. २६५ आली, ती तेवढंच चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते. या रीतीचं मर्म मला लगेच कळलं, कारण माझ्या पिढीनं ती पोस्टकार्डावर वापरलेली आहे. गावाहून पहिलं पत्र सविस्तर यायचं: घर, गोठा, विहिरीचं पाणी, कोण आजारी. पुढच्या पत्रात फक्त, 'काळी गाय व्याली. बाकी सर्व पूर्ववत.' कॅमेरा हेच करतो. एक चित्र पुरं लिहितो, त्याला म्हणायचं आय-फ्रेम. त्यानंतरची चित्रं 'एवढं बदललं, बाकी पूर्ववत' या हिशेबाची. दोन सेकंदांनी पुन्हा एक पुरं पत्र. ही पुरी पत्रं फार लांब लांब ठेवली तर जागा वाचते, पण मधलाच प्रसंग उघडून बघायचा तर आधीचं पुरं पत्र शोधत मागं जावं लागतं. घराच्या दारासाठी सेकंदाला पंचवीस चित्रांचीही गरज नाही, पंधरा पुरतात. चोर काही नर्तक नव्हे.

यात एक गंमत आहे. अंधारात चित्रावर जे दाणे उठतात, तेही या रीतीला बदलच वाटतात, आणि काहीच घडत नसताना ती त्या दाण्यांचं वर्णन करण्यात जागा उधळते. उलट वादळात सगळी झाडं एकदम हलली की नेमून दिलेल्या बिटांत एवढं लिहिणार कसं? मग चित्र पुसट होतं. शांततेत बडबड आणि गोंधळात तोतरेपणा, असे वक्ते आपण सभेत ऐकलेले आहेत.

इथवर विनोद. आता तक्रार.

क्लॉड शॅनन या गणितज्ञानं १९४८ साली माहितीचं मोजमाप बसवलं. जे आधीच ठाऊक होतं ते पुन्हा सांगण्यात माहिती नाही. अनपेक्षित असेल तेवढीच माहिती. तारेच्या धंद्याला हे अचूक लागू पडतं, माझी तक्रार नाही. पण तोच हिशेब दारावर टांगला की ती एक अभिरुची होते, आणि समीक्षकानं बोलायचं ते अभिरुचीबद्दल. या दिग्दर्शकाला फक्त अचानक घडलेलं कळतं. सावकाश घडणारं त्याला दिसत नाही. नुसतं दिसत नाही असं नव्हे, तर तो ते मुद्दाम पचवून टाकतो. सूर्य सरकला, सावली लांबली, की तो तिला पार्श्वभूमीत जमा करतो, नाहीतर दिवसभर बोंब मारावी लागेल. आषाढापासून इटियाडोहचं पाणी आठवड्या-आठवड्यानं चढतं, त्यावर तीन जिल्ह्यांचं धान ठरतं. या कॅमेऱ्याला धरण कधी भरलेलंच नाही.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र रात्र नाटकं होतात. नाटकात एक जागा अशी येते की बाप नुसता उभा राहतो, बोलत नाही, हलत नाही, आणि मंडपातली हजार माणसं बिड्या ओढायची थांबतात. आमच्या कॅमेऱ्यानं नेमका तो प्रवेश कापला असता आणि मागून चहावाला आडवा गेला तो ठेवला असता.

आणि सिनेमाचा आपल्याकडचा मूळपुरुष तर असा नव्हता. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा मांडून त्याची वाढ दिवसामागून दिवस टिपली. 'अंकुराची वाढ' हे त्या चित्रपटाचं नाव. ती बघूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. न हलणारी गोष्ट हलते आहे हे दाखवण्यापासून ज्या कलेची आपल्याकडे सुरुवात झाली, तिचा नातू हलत नाही त्याला घटनाच मानत नाही.

शेजारच्या नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातले कॅमेरे याच कुळातले, पण त्यांचं बरं आहे. ते चित्रातला फरक मोजत नाहीत. अंगाची ऊब समोरून सरकली की जागे होतात. मे महिन्यात जमीनच अंगाएवढी तापते तेव्हा तेही गोंधळतात, तो भाग वेगळा. चॅम्पियन नावाच्या गोऱ्या वनाधिकाऱ्यानं १९२० च्या दशकात वाटेवर तार बांधून वाघालाच आपला फोटो काढायला लावला होता, तेव्हापासूनची ही परंपरा. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले. त्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रं काढली आणि त्यांत वाघाची निघाली ७६,६५१. म्हणजे साडेचारशेत एक. तरी कुणी हसलं नाही, कारण कॅमेऱ्यानं गोळा करायचं आणि पट्ट्यांवरून कुठला वाघ कोणता ते माणसांनी संगणकाच्या मदतीनं बसून ठरवायचं, ही वाटणी ठरलेली होती. घरच्या कॅमेऱ्याची पहिली कल्पनाही अशीच होती. न्यू यॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेनं १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. दारात कोण उभं आहे ते खोलीत बसून आपण बघायचं. बघणारी ती होती. बघण्याचं काम तिनं खिळ्याला टांगलं नव्हतं.

आमच्याकडे ते टांगलं गेलं. एके दुपारी चिरंजीवांचा फोन. आवाज कापत होता. "बाबा, आजी कुठं आहे? दीड तास झाला, काही निरोप नाही."

आजी ओसरीवर होती. सूप मांडीवर घेऊन लाखोळीची डाळ निवडत होती. बोटं चालू होती, पण बोटांचे चौकोन ते किती? पेरूचं झाड गप्प करायला ज्या कळा फिरवाव्या लागतात, त्याच कळा म्हातारीलाही चित्रातून पुसतात. या यंत्राच्या भाषेत झाडाचं पान आणि आईचा हात सारख्याच मापाचे. कळ उलटी फिरवा, आई परत येते, पण सोबत दीडशे पेरू घेऊन.

याहून वाईट ते पुढंच. 'हालचाल नाही' याचे घरात दोन अर्थ होतात. एक, सगळं ठीक आहे. दुसरा मी लिहीत नाही. कॅमेरा दोन्हींसाठी एकच निरोप पाठवतो, म्हणजे काहीच पाठवत नाही. मुलगा पुण्यात बसून त्या काहीच-नाहीचा अर्थ लावत होता.

आणि आमच्या शेजारच्या काकी? त्या रोज अकराला फाटकाशी येऊन ओरडतात, "आजी, जेवल्या का जी?" उत्तर यायला नेहमीपेक्षा जरा उशीर झाला तर आत येऊन बघतात. त्यांच्या कार्डात किती गिगाबाइट आहेत ठाऊक नाही, पण न हललेल्या गोष्टीची नोंद त्यांना होते. मराठीत लक्ष ठेवणं वेगळं आणि लक्ष असणं वेगळं. पहिलं दुकानात मिळतं.

आता आमच्याकडे वाटणी केली आहे. फाटकाकडचा भाग हालचालीवर; तिथं चोर, मांजर आणि मी यांचा बंदोबस्त होतो. ओसरीसाठी निरोप बंद. त्याऐवजी फाळक्यांची रीत: हललं काय, न हललं काय, दर पंधरा मिनिटांनी एक पुरं चित्र. आणि चिरंजीव निरोपाची वाट न बघता रोज अकराला स्वतः फोन करतात. काकींची आणि त्यांची वेळ एकच पडल्यामुळे आई दोघांना मिळून एकदाच उत्तर देते.

परीक्षणाच्या शेवटी तारे द्यायची प्रथा आहे. फाटकाच्या चित्रपटाला दोन. त्यातला एक मांजरासाठी. ओसरीच्या चित्रपटाला मी अजून दिलेले नाहीत. दिवसभराची चाळीस-पन्नास चित्रं रात्री ओळीनं बघतो. त्यांत खांबाची सावली अंगणातून सरकत सरकत सुपापर्यंत येते, डाळीचा ढीग इकडून तिकडं होतो, आणि आई तिथंच. परवा तिलाही दाखवली. तिनं मोबाइल लांब धरून सगळी बघितली, मग वर भिंतीकडे बोट करून विचारलं, "बाबू, ह्याचा डोरा मिटत नाई का गा कदी?"

नाही म्हणालो. तर म्हणते, "मंग त्याले म्हना, माझी डाळ पन निवड."