अंतरा कुठे गेला?

जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये आलं आणि वरातीपासून रील्सपर्यंत सगळीकडे वाजू लागलं. पाठोपाठ मराठी गाण्याचं श्राद्ध घालणारेही पुढे सरसावले. गदिमा कुठे, खेबुडकर कुठे, आणि हे काय! हा गळा काढणं आता पुरे झालं. या रडारडीत निदान चुकतं आणि खरा आजार झाकलाच जातो.

फर्माइशीवर, घाईत लिहिणं हे काही आजचं पाप नाही. गदिमांचं, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचं, ‘गीतरामायण’ १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक या हिशेबानं सुरू झालं आणि ५६ गीतांवर पोचलं. पहिल्याच गाण्याचा कागद ऐनवेळी हरवला, तेव्हा माडगूळकरांना खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि त्यांनी ते पुन्हा लिहून दिलं, असं सांगतात. प्रेरणेची वाट पाहत बसायला तिथे कुणाला सवड होती? जगदीश खेबुडकर पेशानं शिक्षक. ‘पिंजरा’त राम कदमांच्या चाली आणि व्ही. शांतारामांचा प्रसंग सांभाळत त्यांनी लिहिलं. धंदा तेव्हाही धंदाच होता.

फरक अंतऱ्यात आहे.

१९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मधली ‘बुगडी’ची लावणी घ्या. शब्द माडगूळकरांचे, चाल वसंत पवारांची, आवाज आशा भोसले यांचा. मुखड्यात सांडतो तो एक दागिना, एवढंच. पण अंतऱ्यांत शेजारचा तरुण घरी येतो, त्याचा फेटा दिसतो, खिल्लारी जोडी जुंपलेली गाडी दाराशी लागते, ती पिवळी साडी नेसते. एकेक तपशील पडत जातो आणि दरवेळी धृपदावर परतताना हरवलेल्या बुगडीचा अर्थ थोडा सरकतो. ऐकणारा गालातल्या गालात हसू लागतो, कारण त्याला गोष्ट कळलेली असते. चाल ओठांवर बसली ती मुखड्यानं. सिनेमा पुण्यात सव्वाशेहून जास्त आठवडे चालला, त्यात अशा गोष्टी सांगणाऱ्या लावण्यांचा वाटा मोठा होता.

शांता शेळके पेशानं प्राध्यापक, पण हृदयनाथ मंगेशकरांसाठी त्यांनी कोळीगीतं लिहिली ती कोळ्यांच्या बोलीत, होडी-जाळ्यासकट. तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत संसार बसवायचा तर प्रत्येक ओळीला काम नेमून द्यावं लागे.

या कलेचं खरं विद्यापीठ मात्र रेकॉर्डिंग स्टुडिओत नव्हतंच, ते आंबेडकरी जलशात होतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षर ओळखायला शिकले आणि आयुष्यभर गाणी रचत गावोगाव फिरले. भीमगीतात मुखडा घोषणेसारखा येतो. त्यामागचा युक्तिवाद अंतरा करतो. एका अंतऱ्यात जुना अन्याय, दुसऱ्यात बाबासाहेबांनी दिलेलं उत्तर, तिसऱ्यात समोर बसलेल्याला थेट सवाल. समोरची माणसं कंटाळली की कवीला तिथल्या तिथे कळतं, आणि मुखपाठ गाणाऱ्या श्रोत्यांपुढे भरतीची ओळ टिकत नाही. पुढे स्वस्त कॅसेट आली आणि शिंदे घराण्याचा आवाज चहाच्या टपरीपर्यंत पोचला. आनंद शिंद्यांच्या ‘पोपटा’च्या गाण्यावर नाकं मुरडणाऱ्यांना त्यातली गोष्ट सांगायची हातोटी कधी दिसलीच नाही. पांढरपेशा समीक्षेनं या परंपरेला ‘समाजप्रबोधन’ म्हणून कोपऱ्यात बसवलं आणि गीतरचनेच्या इतिहासातून गाळलं. हे नुसतं अज्ञान नव्हतं, तो जातीचा पंक्तिभेद होता.

 

‘सैराट’नं २०१६ मध्ये अंतऱ्याची ताकद पुन्हा दाखवली. अजय-अतुलचं ‘झिंगाट’ फक्त ठेक्यावर चाललं, हा समज त्याच्या हिंदी रूपानंच खोडून काढला. ‘धडक’मध्ये २०१८ साली चाल तीच, ठेका तोच, पण दाढी करून, परफ्यूम मारून, तिच्या नावाचं आद्याक्षर गोंदवून गुडघ्याला बाशिंग बांधलेला पोरगा त्यातून गेला. उरलं पार्टीचं गाणं. इतका स्वच्छ प्रयोग समीक्षकांच्या हाती क्वचितच लागतो, तरी चर्चा झाली ती डेसिबलची!

आता स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की गाणं ऐकल्याची नोंद होते, आणि रीलला तर त्याहूनही कमी पुरतं. साहजिकच निर्माता हुक मागतो, गीतकार हुक देतो. गायनस्पर्धांत परीक्षक मुखडा आणि एका अंतऱ्यावर गुण देऊन मोकळे होतात, आणि तेच परीक्षक मुलाखतीत शब्दांचं महत्त्व सांगतात. ‘गुलाबी साडी’वर नाचलेल्या किती जणांना त्याचा अंतरा पाठ आहे? दोष एकट्या राठोडच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. स्वतः लिहून, चाल लावून गाणारा हा पोरगा बोलीतला शब्द अचूक पकडतो. शहरी गीतकारांच्या चंद्र-चांदण्यांपेक्षा त्याची साडी शंभरपट खरी आहे. म्हणूनच त्याच्याकडे जास्त मागायला हवं: ती साडी कुणी घेतली, कुठल्या बाजारातून घेतली, साडीतला फोटो पाहून घरात कोण भडकणार आहे, हे त्यानं पुढच्या गाण्यात तीन अंतऱ्यांत सांगावं, आणि निर्मात्यानं ते कापू नये.