'वावडे', विषबाधा आणि संकेतांक : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात अन्नाच्या अॅलर्जीच्या नोंदीची चिकित्सा

'कशाची अॅलर्जी आहे काय?' या प्रश्नाला मराठी रुग्ण बहुधा 'वावडे' या शब्दाच्या आश्रयाने उत्तर देतो. हा शब्द सोयीचा, पण तितकाच फसवा आहे. जे खाल्ल्याने अंगावर गांध्या उठतात ते वावडे, जे पचत नाही ते वावडे आणि पथ्य म्हणून सोडलेलेही वावडेच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात यात आणखी एक अर्थ मिसळतो. गोंड समाजातील काही कुळांत कुलचिन्ह असलेला प्राणी किंवा वनस्पती खाल्ली जात नाही. तेथे 'आम्हांला चालत नाही' हे उत्तर शरीराचे नसून कुळाचे असते. भामरागडला माडिया, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली अशा भाषांतून दुभाष्यामार्फत आलेले उत्तर केसपेपरवर पोहोचते तेव्हा त्याचे 'आहे' किंवा 'नाही' एवढेच उरते. पुढील सारी संकेतांकन-व्यवस्था या एका शब्दावर उभी राहते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अन्नामुळे येणाऱ्या तीव्र, प्राणघातक ठरू शकणाऱ्या प्रतिक्रियेस 'टी ७८.०' आणि अन्य प्रतिकूल प्रतिक्रियांस 'टी ७८.१' हा संकेतांक आहे. केवळ पुरळाकडे पाहून 'एल ५०.०' लिहिल्यास अन्नाचा उल्लेखच नाहीसा होतो. २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीने अॅलर्जीच्या विकारांची मांडणी अधिक सुसंगत केली, हे मान्य केले पाहिजे. पदार्थनिहाय तपशील मात्र अमेरिकी आवृत्तीत सापडतो. तेथे रुग्णाच्या पूर्वेतिहासासाठी शेंगदाणा, दूध, अंडी, सागरी अन्न यांना 'झेड ९१.०१' या गटात स्वतंत्र क्रमांक आहेत. अमेरिकी विम्याच्या दाव्यांचे काम करणारा आपल्याकडील पदवीधर तरुण हे क्रमांक तोंडपाठ म्हणू शकतो. त्याच्या आईच्या केसपेपरवर मात्र तो रकाना कोराच असतो.

या यादीत लाल मुंग्यांची चटणी कोठे बसते? कोळंबीवर्गीय प्राण्यांतील ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कीटकांतही असते. म्हणून झिंगे न सोसणाऱ्या व्यक्तीला खाल्लेल्या मुंग्यांचाही त्रास संभवतो. परंतु कीटकांचा तेथील स्वतंत्र उपगट प्रामुख्याने दंशाचा विचार करतो आणि गोड्या पाण्यातील झिंगे 'सागरी' या शीर्षकाखाली लिहावे लागतात. उरते ती 'इतर अन्नपदार्थ' ही पेटी. तिच्यात सात्या, वास्ते, मोहफुले असे सारेच जमा होईल. शहरी भोजनातील पदार्थाला नाव आणि रानातल्या पदार्थाला 'इतर' ही या यादीची मर्यादा आहे. तिला वैद्यकीय सत्य समजण्याचे कारण नाही.

याहून गंभीर प्रश्न अॅलर्जी आणि विषबाधा यांतील सीमारेषेचा आहे. पावसाळ्यात रानातील अळंबी खाऊन उलट्या होत असलेला रुग्ण 'टी ६२.०' (अळंबीची विषबाधा) की 'टी ७८.१'? नीट न टिकवलेल्या मासळीत हिस्टामिन साठून अंग लाल होते, खाज सुटते. चित्र थेट अॅलर्जीचे, पण संकेतांक 'टी ६१.१', म्हणजे विषबाधेचा. ही केवळ कारकुनी बाब नव्हे. विषबाधा असेल तर ते अन्न साऱ्या गावाने टाकावे लागते. अॅलर्जी असेल तर एकाच व्यक्तीने तो पदार्थ टाळावा लागतो. नोंद चुकली की धोक्याची सूचना चुकीच्या माणसाकडे जाते.

लाखोळीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. धानाच्या बांधीत उभ्या पिकात पेरली जाणारी ही डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडण्याचा विकार संभवतो. तो अॅलर्जी नसून विषपरिणाम आहे. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली आणि २००८ मध्ये महाराष्ट्राने ती उठवली. लॅथिरिझम हा विकार वर्गीकरणात 'टी ६२.२', म्हणजे खाल्लेल्या अन्य वनस्पतींच्या विषबाधेत जातो. लाखोळी किती घातक, या वादाला असा घाऊक कप्पा काय उत्तर देणार?

उलट बाजूची चूकही तितकीच महाग पडते. कर्नाटकात झालेल्या युरोप्रिव्हॉल प्रकल्पाच्या पाहणीत चौथ्या हिश्श्याहून अधिक प्रौढांच्या रक्तात अन्नाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली, परंतु संभाव्य अन्न-अॅलर्जी सुमारे एक टक्का प्रौढांतच दिसली. तेव्हा केवळ रक्ततपासणीवरून किंवा एकदा उठलेल्या पुरळावरून 'अंड्याची अॅलर्जी' लिहिणे धोक्याचे आहे. आदिवासी क्षेत्रातील अमृत आहार योजनेत बालकांना अंडी देण्याची तरतूद झाली. कुपोषणाच्या छायेतील मुलाच्या ताटातून ते अंडे एका घाईच्या शेऱ्याने काढले जाऊ शकते आणि तो शेरा पुन्हा तपासला जाईलच असे नाही.

नोंद सुधारता येते, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळातील नवजात बालकांच्या अभ्यासात ३९ गावांत घरोघरीच्या निरीक्षणाचे काम गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांकडे सोपवले. २००१ मधील 'कोवळी पानगळ' या अहवालाने शासकीय नोंदीत न आलेले बालमृत्यू पुढे आणले. दोन्ही ठिकाणी आधी घडले ते पाहून लिहिले गेले, वर्गवारी नंतर आली.

अमेरिकेतील एक घटनाक्रमही हेच सुचवतो. काही जणांना मांस खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनी त्रास होतो, हे २००९ मध्ये व्हर्जिनियातील संशोधकांनी मांडले. रुग्णांनी सांगितलेला हा विचित्र विलंब डॉक्टरांनी खोडून न टाकता लिहून ठेवला होता. पुढे २०२१ मध्ये सस्तन प्राण्यांच्या मांसाच्या अॅलर्जीला 'झेड ९१.०१४' हा स्वतंत्र क्रमांक मिळाला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या केसपेपरवर यासाठी नवे यंत्र नको, चार ओळींची जागा हवी : काय खाल्ले, ते रुग्णाच्याच शब्दांत, किती खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, आणि त्याच पंगतीत बसलेल्या इतरांचे काय झाले. यातील चौथी ओळ आज बहुधा विचारलीच जात नाही. अॅलर्जी की विषबाधा हे ठरवताना मात्र प्रथम तिचाच आधार घ्यावा लागतो.