बिशप टेलर आणि मुंबईची भाषा

कुलाब्याचें बोवेन मेमोरियल चर्च आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं जातां-येतां पाहिलें असेल. परंतु ज्या मेथडिस्ट पंथाचें तें मंदिर, त्याचा मुंबईंत पाया घालणारा पुरुष बोवेन नव्हे, तर विल्यम टेलर होय, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. हेच टेलर पुढें आफ्रिकेचे बिशप झाले. ‘हिंदुस्थानांतील चार वर्षांची मोहीम’ अशा अर्थाच्या नांवाचें त्यांचें १८७५ सालचें इंग्रजी पुस्तक आम्हीं नुकतेंच पुन्हां वाचलें. त्यानें आम्हांस आदर वाटावयास लाविलें, आणि अस्वस्थही केलें.

टेलर यांचा जन्म १८२१ सालीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत झाला. १८४९ सालीं सोन्याच्या लोभानें जग कॅलिफोर्नियाकडे धांवत असतां हे सॅन फ्रॅन्सिस्कोच्या भर रस्त्यांत उभे राहून उपदेश करूं लागले. पुढें ते ऑस्ट्रेलियांत व दक्षिण आफ्रिकेंत फिरले, १८७० सालीं उत्तर हिंदुस्थानांत आले आणि १८७१ च्या अखेरीस मुंबईस. १८७२ च्या आरंभीं येथें मंडळी स्थापन झाली. तिनें परदेशच्या पैशास हात लावूं नये, आपला खर्च आपण भागवावा, हा टेलर यांचा हट्ट होता. स्वतःचा चरितार्थही ते आपल्या पुस्तकांच्या विक्रीवर चालवीत. परोपजीवी संस्था आपण इतक्या पाहतों कीं, या बाण्याचें कौतुक केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

१८७९ च्या ग्रंथांत त्यांनीं या पद्धतीस सेंट पॉल यांचा आधार दिला. येथेंच आमचा मतभेद आहे. पॉल ज्या नगरांत गेले तेथील बाजाराची भाषा ग्रीक होती, आणि पॉल ग्रीकच बोलत. टेलर यांची भाषा इंग्रजी. आणि ती मुंबईच्या बाजाराची भाषा नव्हती. अर्थात् त्यांची मंडळी बहुतांशीं युरोपियन व युरेशियन लोकांचीच बनली. कचेऱ्यांत, रेल्वेंत, पेढ्यांवर पगार मिळविणारा हा वर्ग वर्गणी देऊं शके. तेव्हां ज्या स्वावलंबनाचें श्रेय ग्रंथकार आपल्या पद्धतीस देतात, त्यांतील कांहीं वांटा इंग्रजी अमलांतील पगारासही द्यावयास नको काय?

आफ्रिकेंत १८६६ सालीं त्यांस अपूर्व यश लाभलें होतें. पण तेथें चार्ल्स पामला नांवाचा एक खोसा गृहस्थ त्यांच्या शेजारीं उभा राहून त्यांचें वाक्य न् वाक्य आपल्या लोकांच्या हृदयांत उतरवीत होता. मुंबईंत त्यांस पामला भेटला नाहीं.

आणि मुंबई कांहीं मुकी नव्हती. १८५७ सालीं गिरगांवच्या समुद्रकिनारीं विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद रंगले होते. त्याच वर्षीं बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ निघालें. टेलर येथें उतरले त्याच वर्षीं बुवांचें देहावसान झालें होतें. पण ज्या वादानें हें शहर हालविलें, त्याचा पडसाद या पुस्तकांत आम्हांस ऐकूं आला नाहीं. शेजारच्या आळींत मराठींत चाललेलें संभाषण ग्रंथकारांच्या कानांवर पडलेंच नाहीं.

मग जॉर्ज बोवेन त्यांस कां मिळाले? त्या वादाचें इंग्रजी वृत्त छापविणारे तेच. १८४८ सालीं मुंबईस आलेला हा अमेरिकन विरक्त लवकरच मिशनचें वेतन सोडून देशी वस्तींत लहानशा खोलींत राहिला. मराठीत तो रस्त्यांत उपदेश करी, आणि चाळीस वर्षांत स्वदेशीं एकदांही परतला नाहीं. मात्र त्याच्या शब्दानें ख्रिस्ती झालेली माणसें हाताच्या बोटांवर मोजण्यासारखीं. भाषा असूनही श्रोता वळत नाहीं, हें दुःख त्यास पुरें ठाऊक होतें. बिनपगारी सेवेचा आपला एकाकी प्रयोग एका मंडळीच्या रूपानें उभा राहतो आहे, असें टेलर यांच्याकडे पाहून त्यास वाटलें असावें, असें आमचें अनुमान आहे. भाषेवर सारा दोष ठेवणारी आमची टीका बोवेनपुढें थोडी लंगडी पडते, हें कबूल केलें पाहिजे. शिवाय तीस वर्षें मराठी मुलांस इंग्रजींतून वाङ्मय शिकविणाऱ्या आम्हांस टेलर यांजवर हंसण्याचा अधिकार तरी कितीसा?

१८७५ सालीं टेलर हिंदुस्थान सोडून गेले. १८८४ सालीं ते आफ्रिकेचे मिशनरी बिशप झाले. अंगोला, काँगो, लायबेरिया येथें त्याच स्वावलंबनाचे प्रयोग त्यांनीं केले. १८९६ सालीं निवृत्त होऊन १९०२ सालीं कॅलिफोर्नियांत वारले. बोवेन १८८८ सालीं मुंबईंतच वारले. त्यांचें चरित्र रॉबर्ट स्पीअर यांनीं १९३८ सालीं लिहिलें. टेलर यांचें पुस्तक हातीं घेणाऱ्यानें तें चरित्र शेजारीं ठेवावें, आणि आधीं तेंच वाचावें.