‘आवडतं’ आणि ‘सुंदर आहे’: कार्पेंटर्सच्या गाण्यांविषयी

कांटचा एक भेद आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. ‘हे मला आवडतं’ आणि ‘हे सुंदर आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावर कुणी वाद घालत नाही. दुसरं केलं, की समोरच्यानंही ते मान्य करावं अशी आपली अपेक्षा असते. आज हा भेद आमच्याच एका आवडीला लावून पाहू. ती आवड म्हणजे कार्पेंटर्सची सॉफ्ट रॉक गाणी.

रिचर्ड आणि कॅरन ही भावंडं कॅलिफोर्नियातली. १९७० मध्ये त्यांचं ‘क्लोज टू यू’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्या काळच्या कित्येक समीक्षकांना ही गाणी फार गोड, गुळगुळीत वाटली. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पुढं लग्नसमारंभांत लाडकं झालेलं ‘वीव्ह ओन्ली जस्ट बिगन’ मुळात एका बँकेच्या जाहिरातीसाठी लिहिलेलं होतं. मग ती आम्हाला प्रिय आहेत ती केवळ तेव्हा आमचं वय कोवळं होतं म्हणून का? तसं असेल तर ‘आवडतं’ म्हणावं आणि गप्प बसावं.

पण १९७३ चा ‘नाऊ अँड देन’ हा अल्बम गप्प बसू देत नाही. त्यातलं ‘यस्टरडे वन्स मोअर’ हे गाणंच मुळी रेडिओवरच्या जुन्या गाण्यांच्या आठवणीचं. त्याला जोडून त्या जुन्या गाण्यांची एक माळ येते, मधूनमधून रेडिओ निवेदकाची बडबड. गंमत बघा, ज्यांच्यासाठी एवढा जीव तुटतो ती गाणी जेमतेम दहा वर्षांपूर्वीची, आणि गाणारी कॅरन तेवीस वर्षांची! म्हणजे ही हुरहूर आम्ही म्हातारपणी वरून चढवलेली नाही. गाणं नवं होतं तेव्हाच ती त्यात होती.

ती कशात आहे? कॅरनच्या खालच्या पट्टीतल्या आवाजात. ती रडत नाही, हरकती घेत नाही, कानाशी बोलल्यासारखी गाते. मूळची ड्रमवादक, त्यामुळे शब्द लयीत नेमका कुठं ठेवायचा हे तिला पक्कं ठाऊक. मागं समूह गातोय असं वाटतं, पण ते याच दोघांचे आवाज, थरावर थर चढवलेले. भोवती एवढी भरगच्च साथ आणि मध्ये तो एकटा आवाज! गोडव्याखालचा एकटेपणा तो हाच.

१९८३ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, खाणं नाकारण्याच्या आजारापायी ती गेली. ते दुःख गाण्याच्या मूल्यात मिसळू नये. आमच्या बालपणाचेही गुण त्याला देऊ नयेत. दोन्ही वजा करून जे उरतं, ते थोडं नाही.

सौंदर्य सिद्ध करता येत नाही, पण त्यावर भांडता येतं, हेही कांटनंच सांगितलं. तेव्हा आवडत्या गाण्यासाठी ज्यांनी कधी रेडिओपाशी वाट पाहिली नाही, त्या तरुण श्रोत्यांनी हे गाणं एकदा नीट ऐकावं, आणि पटलं नाही तर आमच्याशी खुशाल भांडावं.