तपोवनाची गोष्ट कोण सांगतं?

अमरावतीच्या तपोवनाची गोष्ट आपल्याकडे ज्या पद्धतीने सांगितली जाते, ती पद्धत आज आम्हाला तपासायची आहे. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे आपले दाजीसाहेब. होमिओपॅथ, स्वातंत्र्यचळवळीतले. त्यांनी १९४६ साली विदर्भ महारोगी सेवा मंडळ काढलं, कुष्ठरुग्णांची वस्ती उभी केली, १९५९ साली पद्मश्री मिळाली. सांगणारा इथे हात जोडतो आणि थांबतो.

आमची तक्रार या थांबण्याबद्दल आहे. दाजीसाहेबांचं मोठेपण आम्हाला मान्यच आहे हो. पण या कथनात एकच माणूस कर्ता, बाकी सारे कर्म. व्याकरणातलं कर्म, गीतेतलं नव्हे! रुग्णांना आणलं, त्यांना औषध दिलं, काम दिलं, आशा दिली. आता आशा ही काय ताटात वाढायची वस्तू आहे?

आपल्या संतांनी आशेचं फारसं कौतुक केलेलं नाही; त्यांच्या लेखी ती हावेची बहीण. वऱ्हाडी माणूस अडचणीत विचारतो, 'भरोसा कोनाचा?' तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक नेमका आहे. गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच विचारवंताने इच्छा आणि आशा यांत फरक केला. इच्छा वस्तूची असते. आशा मात्र दुसऱ्या कुणावर विसंबून, दोघांसाठी मिळून धरली जाते. तिला एकट्याचं घर नसतं.

महारोग्याचं हेच तर तुटायचं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं एक कारण होतं. ते वगळलं कधी, तर २०१९ साली! रोग बरा करणारी बहुविध औषधयोजना जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्येच सुचवली होती. म्हणजे औषध सापडल्यावरही जवळजवळ चार दशकं कायदा जोडीदाराला दार उघडून देत उभा होता.

उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) या संदर्भात पुन्हा वाचा. कौतिकचा नवरा महादेव, त्याला महारोग होतो. शेळके तिच्या झुंजीला कोणतंही बक्षीस देत नाहीत; शेवटी तिला वेड लागतं. पुष्कळांना हे फार काळं वाटतं. आम्हाला वाटतं, गौरवग्रंथांपेक्षा ही कादंबरी तपोवनाबद्दल जास्त सांगून जाते, कारण भरोसा द्यायला दुसरं कुणी उरलं नाही तर जिद्दीचं काय होतं, ते तिथे दिसतं.

तपोवनात ते 'दुसरं कुणी' बहुतेकदा दुसरा रुग्णच होता. रुग्णांच्या निरोगी मुलांची तिथे वेगळी सोय होती. वेगळी सोय होती, म्हणजे संसार होते. आणि 'वेगळी' होती, म्हणजे लेकरू दूर ठेवायची किंमत त्या आईबापांनी मोजली होती. हे प्रकरण सत्काराच्या भाषणात बसत नाही, म्हणून गाळलं जातं. गाळलं की मग प्रेम हे दात्याचं औदार्य होऊन बसतं.

हीच चूक सध्या परतवाड्याजवळच्या वझ्झरबाबत चालू आहे. शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली अपंग, मतिमंद मुलं वाढवली, बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं, कित्येकांची लग्नं लावून दिली. २०२४ साली पद्मश्री मिळाली, आणि सांगणारे पुन्हा हात जोडून थांबले. पण बाबांची मागणी ऐकली का कुणी? कायद्याने अठरा पूर्ण झाली की मुलाने बालगृह सोडायचं. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याने जायचं कुठे? अशा मुलांना आयुष्यभर तिथेच राहू द्या, तसा कायदा करा, असं ते वर्षानुवर्षं मागताहेत.