विभेदन आणि अचूकता : अंकीय विभवमापीच्या परिभाषेची चिकित्सा

'विभवमापी' ही संज्ञा मूळची मापनसाधनाची. १८४१ मध्ये पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलेल्या पद्धतीत अज्ञात विभव ज्ञात विभवाशी तोलून मापले जाई. पुढे हे नाव सरकत्या स्पर्शकाच्या, तीन अग्रांच्या रोधकाला चिकटले. मापन गेले, 'मापी' मात्र उरला. अंकीय विभवमापी तर आज्ञेनुसार रोधशृंखलेतील एक जोड निवडतो, एवढेच. असे अर्थांतर रूढीने होतच असते. त्यात वावगे काही नाही.

वावगे आहे ते अन्यत्र. 'आठ बिटांचा, म्हणून अचूक' असे म्हटले जाते तेव्हा दोन भिन्न संकल्पनांची गल्लत होते. बिटांची संख्या केवळ विभेदन सांगते. म्हणजे पल्ल्याचे किती भाग पडले, हे. मिळालेले मूल्य अपेक्षित मूल्याच्या किती निकट आहे, हा प्रश्न अचूकतेचा होय.

मायक्रोचिप कंपनीचा 'एमसीपी ४१०१०' हा घटक घ्यावा. त्याचा नाममात्र रोध १०,००० ओहम व जोड २५६. अर्थात एक पायरी सुमारे ३९ ओहमांची. परंतु त्याच्याच माहितीपत्रकानुसार एकूण रोध ८,००० ते १२,००० ओहमांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. २,००० ओहमांची ही तफावत सुमारे ५१ पायऱ्यांएवढी भरते. स्पर्शकाचा स्वतःचा रोधही सामान्यतः ५२ ओहम, म्हणजे एका पायरीहून अधिक. पायऱ्या मोजता येतात. जिन्याची उंची मात्र ठाऊक नसते. अशा रोधावर गाळणी रचली आणि तो ८,००० ओहमच निघाला, तर तिची छेद-वारंवारता २५ टक्क्यांनी वर सरकेल. बिटे वाढवून ही चूक तिळमात्र कमी होणार नाही.

तथापि हाच घटक विभव-विभाजक म्हणून योजल्यास चित्र पालटते. शृंखलेतील सर्व खंड एकाच प्रमाणात कमीअधिक असल्याने गुणोत्तरात ती तफावत लोपते. स्पर्शकातून प्रवाह नगण्य असेल तर त्याचा रोधही बाधत नाही, आणि चूक एका पायरीच्या मर्यादेत राहते.

तेव्हा 'अचूक' हे विशेषण येथे साकांक्ष आहे. रोधाबाबत अचूक की गुणोत्तराबाबत, हे सांगितल्याविना वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही अर्थदृष्ट्या अपुरेच राहते. परिभाषेतील हा काटेकोरपणा पांडित्यप्रदर्शनासाठी नव्हे. शब्दातील शिथिलता अखेर मंडलात उतरते, म्हणून तो आवश्यक आहे.