पांच मात्रांचा मोह

परकें संगीत ऐकतांना आपल्याकडील रसिक बहुधा दोहोंपैकीं एका टोकास जातो. एक तर ‘हें आपणांस कळावयाचें नाहीं’ म्हणून तो हात टेकतो, नाहीं तर ‘हें सारें आपल्याकडे पूर्वींच होतें’ असें म्हणून समाधान पावतो. डेव्ह ब्रूबेक या अमेरिकन पियानोवादकाच्या ताफ्याची ‘टाइम आउट’ ही १९५९ सालची ध्वनिमुद्रिका ऐकतांना दुसरा मोह विशेष होतो, व तो आम्हांसही झाला हें आरंभींच कबूल केलेलें बरें. पांच मात्रांची एक चाल ऐकून अमेरिकेंत केवढा गहजब व्हावा, आणि आमच्या झपतालास कोणी विचारूंही नये!

परंतु हा अभिमान फार वेळ टिकत नाहीं. जॅझ हें नाचाच्या संगतींत वाढलेलें संगीत. चार मात्रांचा ठेका हा त्याचा पायाच. तो पाया हलविणें म्हणजे श्रोत्याच्या पायांखालची जमीन काढून घेण्यासारखें होतें. ‘टाइम आउट’मध्यें एकही रूढ लोकप्रिय गीत नाहीं, वेष्टनावर चित्र काढलें तेंही अमूर्त शैलीचें, आणि तालांवर नाच करणें कठीण. कोलंबिया कंपनीच्या विक्रीखात्यानें नाक मुरडलें यांत नवल नाहीं. कंपनीचे अध्यक्ष गॉडर्ड लीबरसन यांनीं पाठ राखली म्हणून ती निघाली. आदल्या वर्षीं, १९५८ सालीं, अमेरिकन सरकारनें या चौघांस पोलंड, तुर्कस्तान, हिंदुस्थान, सिलोन, इराण, इराक आदि देशांच्या दौऱ्यावर पाठविलें होतें. इस्तंबूलच्या रस्त्यांत वाजंत्री नऊ मात्रा सहजपणें खेळवीत होते तें ब्रूबेक यांनीं तेथें ऐकलें. मुंबईंत अब्दुल हलीम जाफर खां यांच्या सतारीबरोबर ते वाजवूनही गेले.

त्या नऊ मात्रांतून ‘ब्लू राँडो आ ला टर्क’ ही पहिली रचना झाली. दोन-दोन-दोन-तीन अशी विभागणी तीन वेळां, व चौथ्या वेळीं तीन-तीन-तीन. हा शेवटचा पालट ऐकतांच कान टवकारतात. येथपर्यंत सर्व उत्तम. पण सॅक्सोफोन व पियानो यांची स्वैर बढत सुरू होण्याची वेळ आली कीं नऊ आणि चार यांची थोडी ओढाताण होऊन मंडळी मुकाट्यानें चार मात्रांच्या ब्लूजवर येतात. बंदिश अवघड तालांत मांडावी आणि ताना मात्र त्रितालांत घ्याव्या, असा हा प्रकार आहे. आमचा या ध्वनिमुद्रिकेवरील मुख्य आक्षेप हाच. अंगणांत नऊ मात्रांची रांगोळी काढली आहे, पण बैठक आंत जुन्याच घरांत भरली आहे.

आक्षेप सर्वत्र लागू पडत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. ‘थ्री टु गेट रेडी’ साध्या वॉल्ट्झसारखी सुरू होते आणि लवकरच तीन-तीन-चार-चार अशा वळणावर जाते. मात्रा चौदा झाल्या. आमच्या दीपचंदींत त्याच तीन-चार-तीन-चार अशा असतात. येथें वादक बढतही त्याच चौदांत करितात, आणि मोजणी ऐकणाऱ्याच्या लक्षांतून हळूहळू निघून जाते. ‘कॅथीज वॉल्ट्झ’मध्यें चार व तीन एकमेकांवर चढविले आहेत. (कॅथी ही ब्रूबेक यांची कन्या, मुद्रिकेवर बिचारीच्या नांवाचें आद्याक्षरच चुकलें आहे.)

आतां ‘टेक फाइव्ह’. ही रचना ब्रूबेक यांची नव्हे, सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंड यांची. १९६१ सालीं ती अमेरिकेंतील लोकप्रिय गीतांच्या यादींत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत चढली, आणि १९७७ सालीं डेस्मंड वारले तेव्हां तिचें उत्पन्न त्यांच्या मृत्युपत्रान्वयें अमेरिकन रेड क्रॉसकडे गेलें. झपतालाचें अर्धें आवर्तन दोन-तीन असें चालतें, येथें तीन-दोन. पण साम्य शोधावयाचें तर तें आंकड्यांत शोधूं नये. तें दुसरीकडेच आहे. ज्या ब्रूबेक यांच्या वादनावर जडपणाचा आरोप नेहमीं होत असे, ते येथें स्वतःची बढत मुळींच करीत नाहींत. आरंभापासून अखेरपर्यंत तोच एक लहानसा तुकडा ते पुनः पुनः वाजवीत राहतात. हा शुद्ध लेहरा आहे! एकल तबला ऐकतांना सारंगीवाला जें काम करितो तेंच हें. त्या लेहऱ्याच्या आधारावर ज्यो मोरेलो यांचे ड्रम बोलूं लागतात. घाई नाहीं, आदळआपट नाहीं. एक आघात, मग जागा, मग दोन आघात. पियानो पांच मोजतो आहे म्हणूनच मोरेलो यांस गप्प राहतां येतें. ताफ्याच्या नायकानें आपल्या साथीदारासाठीं एवढें मागें सरावें ही गोष्ट आपल्या मैफलींत तरी नित्य आढळते काय?

उरलेल्यांत ‘पिक अप स्टिक्स’ ही यूजीन राइट यांच्या डबल बेसच्या ठाम सहा मात्रांसाठीं ऐकावी. ‘एव्हरीबडीज जंपिन’ आम्हांस सामान्य वाटली.

एक रचना मुद्दाम मागें ठेविली होती. ‘स्ट्रेंज मेडो लार्क’च्या प्रारंभीं पियानो एकटाच, कोणत्याही ठेक्यावांचून, आलापी केल्याप्रमाणें हिंडतो, आणि मग कोठें ओळखीच्या चार मात्रा येतात. विचित्र तालांसाठीं गाजलेल्या या ध्वनिमुद्रिकेंत तालच नसलेला हा भाग फारसा कोणी वाखाणीत नाहीं. आम्ही ही मुद्रिका पुन्हां लावतों तेव्हां बहुधा तेथूनच आरंभ करितों.